प्रबंध जमा झाला, पुढे काय?

दक्षिण महाराष्ट्रात गेल्या साठ वर्षांत जे विद्यापीठीय संशोधन झाले, त्याचा फार मोठा भाग कोल्हापुरात विद्यानगरातल्या एका इमारतीत आहे. ही इमारत म्हणजे शिवाजी विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय. रेक्झिनची बांधणी, त्यावर सोनेरी अक्षरांत विषय, संशोधकाचे नाव आणि वर्ष, आत तीन-चारशे टंकलेली पाने. ऊस आणि गूळ, सहकारी साखर कारखाने, सह्याद्रीतल्या वनस्पती, शाहूकालीन शिक्षण, ग्रामीण कादंबरी, दलित आत्मकथने अशा विषयांवर माणसांनी उमेदीची चार-पाच वर्षे घातली. मौखिकी झाली, पेढे वाटले, पदवीची अधिसूचना निघाली आणि प्रबंध कपाटात गेला. पुढे तो कोणी उघडला का, कोणाच्या कामी आला का, हे आपल्याकडे फारसे कोणी विचारत नाही. या पुस्तकाने तो प्रश्न विचारला आहे, म्हणून प्रस्तावना लिहायला मी लगेच होकार दिला.

युरोपातील संशोधनाची डिजिटल भांडारे कशी उभी राहिली, ती कोण चालवते आणि आज त्यांची अवस्था काय आहे, हे पुढील प्रकरणांत सविस्तर आले आहे. मी ते सगळे कोल्हापुरात बसून वाचले, आणि वाचताना सारखा इथला विचार मनात येत राहिला. म्हणून प्रस्तावनेत इथले सांगतो आणि तिथले लागेल तेवढेच घेतो.

प्रबंध फक्त कागदावर होते, तो काळ फार जुना नाही. चंदगडच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला एखादा प्रबंध पाहायचा तर शंभर किलोमीटरहून जास्त एसटीचा प्रवास, जतच्या प्राध्यापकाला त्याहूनही लांबचा. बहुतेक विद्यापीठांत रीत सारखीच होती. प्राचार्यांचे पत्र आणायचे, संदर्भ विभागात बसायचे, हवे ते वहीत उतरवून घ्यायचे. झेरॉक्स मिळाली तर मोजक्या पानांची. मुळात असा प्रबंध आहे हे कळणेच अवघड. मार्गदर्शकाच्या आठवणीत असेल तर कळायचे, नाही तर नाही. मराठीचे संशोधन तर फक्त महाराष्ट्रात होत नाही. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात, हैदराबादच्या उस्मानियात, बडोद्यात, गोव्यात मराठीचे प्रबंध झाले आहेत. सीमाभागातल्या बोलीवर धारवाडला काय काम झाले, हे गडहिंग्लजच्या विद्यार्थ्याला कळायला वाटच नव्हती. एकाच लेखकावर, एकाच दृष्टीने चार ठिकाणी चार प्रबंध होत राहिले, याचे खापर मी त्या विद्यार्थ्यांवर फोडणार नाही. आधी झालेले काम त्यांना दिसतच नव्हते.

डिजिटल भांडाराने नेमकी ही अडचण दूर व्हायला हवी. पीडीएफ संकेतस्थळावर चढवली म्हणजे भांडार झाले, असा समज आपल्याकडे पक्का आहे आणि तो घातक आहे. भांडारात प्रत्येक प्रबंधासोबत एक नोंद असते: लेखक, मार्गदर्शक, विभाग, वर्ष, भाषा, विषयसंज्ञा, सारांश. प्रत्येक नोंदीला कायमचा पत्ता असतो, संकेतस्थळाची रचना बदलली तरी तो बदलत नाही. आणि ही नोंद ठरलेल्या पद्धतीने लिहिलेली असल्याने दुसऱ्या यंत्रांना ती आपोआप गोळा करता येते. गोळा करण्याचा हा सामायिक नियम, म्हणजे ओएआय-पीएमएच, २००१ साली ठरला. तो पाळला की हजार विद्यापीठांची हजार भांडारे वाचकाला एकाच खिडकीतून शोधता येतात. प्रबंध ज्याचा त्याच्याकडे राहतो, नोंद मात्र सगळीकडे फिरते.

युरोपची सुरुवात अशीच विखुरलेली झाली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाने २००० साली ईप्रिंट्स हे मोफत सॉफ्टवेअर दिले. अमेरिकेत एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी मिळून केलेले डीस्पेस २००२ मध्ये आले. विद्यापीठांनी यांतले एक उचलले आणि आपापली भांडारे उभी केली. फ्रान्सने २००१ मध्ये हाल हे राष्ट्रीय भांडार सुरू केले. २००२ चे बुडापेस्ट आणि २००३ चे बर्लिन येथील जाहीरनामे याच काळातले. संशोधन सर्वांना मोफत वाचता आले पाहिजे, ही भूमिका त्यांनी मांडली.

जाहीरनाम्यांनी भांडारे भरत नाहीत, हे युरोपलाही लवकरच कळले. सॉफ्टवेअर होते, सर्व्हर होते, पण प्राध्यापक लेख आणून देत नव्हते. पोर्तुगालच्या मिन्यो विद्यापीठाने जे विभाग जास्त लेख जमा करतील त्यांना त्या प्रमाणात निधी दिला. पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाचे उदाहरण. तिथले तेव्हाचे कुलगुरू बर्नार रँतिए हे जीवशास्त्रज्ञ. त्यांच्या काळात, २००८ च्या अखेरीस, ऑर्बी हे भांडार सुरू झाले आणि त्यासोबत एक साधा नियम आला. पदोन्नतीच्या वेळी समिती प्राध्यापकाची प्रकाशनांची यादी पाहणार ती फक्त ऑर्बीमधून काढलेली, आणि २००२ नंतरच्या लेखांचा पूर्ण मजकूर तिथे असलाच पाहिजे. प्रकाशकाची हरकत असेल तर मजकूर जगापासून बंद ठेवा, त्याला आमची ना नाही. पण तो भांडारात आणून द्या. बंद ठेवलेला लेख कोणाला हवा असेल तर तो एक कळ दाबून थेट लेखकाकडे मागू शकतो. कोणाला दंड नव्हता, कोणावर कारवाई नव्हती. जे भांडारात नाही ते मोजले जाणार नाही, एवढेच. लिएजचे भांडार भरले. आपल्याकडे करिअर ॲडव्हान्समेंट स्कीमच्या फायली घेऊन फिरणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाला या नियमाची ताकद समजावून सांगावी लागणार नाही.

पुढे युरोपीय आयोगाने पैसा ओतला. २०१० च्या अखेरीस ओपनएअर सुरू झाले आणि देशोदेशीच्या भांडारांतल्या नोंदी त्याने एकत्र आणल्या. २०१४ पासून होरायझन २०२० या योजनेचा पैसा घेणाऱ्या प्रत्येकाला आपले शोधनिबंध खुले करणे बंधनकारक झाले. ज्यांच्या संस्थेकडे स्वतःचे भांडार नाही, त्यांच्यासाठी जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये झेनोडो उघडले. तिथे कोल्हापुरातला संशोधकही आजच्या आज आपली आकडेवारी फुकट ठेवू शकतो, आणि ठेवावी असे मी आग्रहाने सांगेन.

भारताची वाट उलटी गेली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्येच ईप्रिंट्सवर भांडार केले होते, पण अशी उदाहरणे थोडी. आपल्याकडे मोठे काम वरून खाली आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएच.डी.च्या प्रबंधाची सॉफ्ट कॉपी देणे बंधनकारक केले, आणि इन्फ्लिबनेट केंद्राने डीस्पेसवर शोधगंगा उभारली. आज गांधीनगरच्या या एका भांडारात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. प्रबंधांचा एवढा मोठा खुला साठा करणारे देश जगात मोजके आहेत. चंदगडचा तोच प्राध्यापक आता फोनवर धारवाडचा प्रबंध उघडतो, आणि त्यासाठी एक रुपयाही मोजत नाही. शोधगंगेवर टीका करणाऱ्या प्रत्येकाने आधी हे मान्य करावे. मी ते मनापासून मान्य करतो.

यापुढे जे लिहितो आहे ते मराठीच्या काळजीपोटी.

शोधगंगेवरचा एखादा मराठीतला प्रबंध उघडून पाहा. तो सलग मिळत नाही, तुकड्यांत मिळतो. पहिली फाइल मुखपृष्ठाची, दुसरी प्रमाणपत्राची, मग ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, प्रकरणे आणि सर्वांत शेवटी ऐंशी क्रमांकाची निष्कर्षांची फाइल. ही रचना एकदा सवयीची झाली की चालते. खरी अडचण प्रकरणाची फाइल उघडल्यावर सुरू होते. पडद्यावर स्वच्छ देवनागरी दिसते. त्यातली एक ओळ उचलून दुसरीकडे डकवा. ‘शाहू महाराजांचे शैक्षणिक धोरण’ याऐवजी रोमन अक्षरे, कंस, टक्क्याची खूण, स्वल्पविराम यांची रांग उमटते. प्रबंध श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेला आहे. डोळ्याला तो मराठी आहे, यंत्राला तो निरर्थक चिन्हांचा मजकूर आहे. शोधयंत्राला त्यात ‘शाहू’ कधीही सापडणार नाही. काही प्रबंध तर छापील प्रतीचे स्कॅन आहेत, तिथे यंत्राच्या दृष्टीने नुसती छायाचित्रे. देवनागरी १९९१ पासून, म्हणजे पहिल्या आवृत्तीपासून, युनिकोडमध्ये आहे. तरी डीटीपीच्या दुकानात जुनीच सवय चालू राहिली, आणि विद्यापीठांनी ती चालू दिली.

त्याचा एक परिणाम तर फार गंभीर आहे. वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी आयोगाने २०१८ मध्ये नियम केले. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते, त्यापुढे कारवाईच्या पायऱ्या आहेत. सॉफ्टवेअरचा अहवाल जोडल्याशिवाय प्रबंध पुढे सरकत नाही. पण जुन्या फाँटमधला मजकूर त्या सॉफ्टवेअरला वाचताच येत नसेल, आणि ज्यांच्याशी तुलना करायची ते आधीचे प्रबंधही तसेच असतील, तर त्या अहवालावरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. प्रामाणिक विद्यार्थ्याला त्यातून संरक्षण मिळत नाही आणि उचलेगिरी करणारा सहज सुटतो.

नोंदींची गतही फारशी वेगळी नाही. मराठी प्रबंधाचे शीर्षक पुष्कळदा रोमन लिपीत नोंदवलेले असते, आणि रोमन करण्याची पद्धत ज्याची त्याची. ‘ग्रामीण’ कुठे एका आयने, कुठे दोन ईंनी. ‘आत्मकथन’ कुठे एका एने, कुठे दोन एंनी. एकाच विषयावरचे प्रबंध मिळवायला चार प्रकारे शब्द लिहून पाहावे लागतात, आणि तरी पाचवा प्रकार राहून गेला नाही याची खात्री नसते. प्रबंध बिनचूक देवनागरीत असूनही विषयसंज्ञा इंग्रजीत, तीही ढोबळ: मराठी, साहित्य, कादंबरी. कोणत्या लेखकावर, कोणत्या तालुक्यातल्या बोलीवर, कोणत्या कालखंडावर, हे नोंदीत नाही. प्रबंध आहे, फुकट आहे, आणि तरी तो हवा असलेल्या माणसाला सापडत नाही. त्या माणसाच्या लेखी तो अजून कपाटातच आहे.

युरोपातही छोट्या भाषांच्या वाट्याला हा अनुभव काही प्रमाणात आलेला आहे. तो या पुस्तकात वाचकाने लक्षपूर्वक वाचावा. तरी तिथल्या बहुतेक विद्यापीठांत एक गोष्ट ठरून गेली आहे. नोंद तपासल्याशिवाय, दुरुस्त केल्याशिवाय भांडारात जात नाही आणि ते काम प्रशिक्षित ग्रंथपालाचे असते. विद्यार्थ्याने घाईत भरलेला फॉर्म जसाच्या तसा चढत नाही.

आता सुरक्षिततेविषयी. कोल्हापूरकराला ती वेगळी सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका, हे आकडे इथे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी पंचावन्न फुटांच्या पुढे गेली. त्याच महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तके चिखलात गेली, त्यांत दुर्मिळ ग्रंथही होते. विद्यापीठ उंचावर आहे हे आपले भाग्य. पण तालुक्यातालुक्यांतली महाविद्यालये, जुनी वाचनालये, घराघरांतले संग्रह उंचावर नाहीत.

डिजिटल झाले म्हणजे सुटलो, असेही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. खंडणीखोरांनी यंत्रणा ठप्प केली. ब्रिटनमधल्या प्रबंधांची ईथॉस ही राष्ट्रीय सेवा त्या लायब्ररीतूनच चाले, सहा लाखांच्या आसपास प्रबंधांच्या नोंदी तिच्यात होत्या. ती बंद पडली आणि वर्ष उलटल्यावरही सुरू होऊ शकली नाही. तरी ब्रिटनचे प्रबंध बुडाले नाहीत, कारण अनेक विद्यापीठांनी आपापल्या प्रबंधांची प्रत स्वतःच्या भांडारात ठेवलेली होती. राष्ट्रीय खिडकी बंद होती, पण विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जाऊन प्रबंध वाचता येत होता. युरोपच्या सगळ्या अनुभवातून आपण एकच गोष्ट घ्यायची असेल तर मी ही घेईन: गांधीनगरला प्रत पाठवली म्हणून विद्यापीठाची जबाबदारी संपत नाही. शिवाजी विद्यापीठाचे स्वतःचे डीस्पेसवरचे भांडार आहे. प्रबंधांबरोबर एम.फिल.चे लघुप्रबंध अशा स्थानिक भांडारातच टिकणार आहेत. आयोगाने २०२२ मध्ये एम.फिल. ही पदवीच बंद केली, त्यामुळे त्या लघुप्रबंधांची काळजी घेणारे पुढे विद्यापीठाबाहेर कोणी असणार नाही. एकेका गावाच्या बाजारावर, एकेका पतसंस्थेवर, एकेका लोककलेवर झालेली ही छोटी कामे. मोठ्या प्रबंधात जे येत नाही ते त्यांत आहे.

या भागाला अशा कामाची परंपरा आहे. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये वाईहून काढला. दप्तरे वाळवीने आणि पावसाने जात होती. छापून अनेक ठिकाणी पोहोचवलेला कागद जगतो, हे ओळखून ते गावोगाव फिरले आणि कर्ज काढून खंड छापत राहिले. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासकार होते. १९६२ मध्ये सुरू झालेल्या विद्यापीठाने त्यांच्या संपादनाखाली ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड प्रसिद्ध केले. पुढे राजर्षी शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचे खंडही इथूनच निघाले. संशोधनाची साधने सर्वांच्या हाती द्यायची, हा या विद्यापीठाचा पहिल्यापासूनचा बाणा आहे. आजची साधने म्हणजे त्याच विद्यापीठाचे स्वतःचे प्रबंध.

प्रबंध खुला केला तर कोणीतरी उचलेल, आणि पुढे त्याचे पुस्तक कोण छापणार, ही भीती मी कैक वर्षे ऐकतो आहे. ती खोटी नाही, आणि मराठी प्रकाशनाचा व्यवहार माहीत असणारा माणूस ती हसण्यावारी नेणार नाही. पण कपाटातल्या प्रबंधाची चोरी पकडायला कोणी नसते. भांडारातल्या प्रबंधावर तारीख असते, कायमचा पत्ता असतो, आणि कोणी परिच्छेद उचलला तर दाखवायला पुरावा असतो. पुस्तक निघेपर्यंत वर्ष-दोन वर्षे मजकूर राखून ठेवण्याची सोय युरोपात सर्रास आहे. तशी मुदत जरूर मागावी. नोंद आणि सारांश मात्र पहिल्या दिवसापासून खुला असावा.

पैशाचा मुद्दा थोडक्यात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके. सरकारी संस्थांपर्यंत जगातले संशोधन पोहोचवण्याची धडपड स्वागतार्ह आहे. बाहेरचे ज्ञान विकत घेण्यावर इतका खर्च करणाऱ्या देशाने आपले ज्ञान नीट नोंदवण्यावर त्याचा अगदी छोटा अंश तरी खर्च केला पाहिजे. तो खर्च सर्व्हरवर फारसा होत नाही. तो माणसांवर होतो. विद्यापीठांतली ग्रंथपालांची पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात, आणि जे आहेत त्यांच्याकडे मूल्यांकनाच्या फायलींचे काम असते. मराठी नीट जाणणारा, तालिकीकरण शिकलेला एक माणूस पूर्ण वेळ या कामावर बसवला, तर काही वर्षांत एका विद्यापीठाच्या सगळ्या मराठी प्रबंधांच्या नोंदी देवनागरीत, खऱ्या विषयसंज्ञांसह तयार होतील. मराठी अक्षरओळखीची साधने आता इतकी सुधारली आहेत की जुन्या स्कॅनमधला मजकूरही शोधण्याजोगा करता येतो. तपासणारी नजर मात्र माणसाचीच लागते.

म्हणून हे पुस्तक वाचून बाजूला ठेवणाऱ्या प्रत्येक मार्गदर्शकाला माझी विनंती आहे. तुमच्या विद्यार्थ्याचा प्रबंध युनिकोडमध्येच टंकला जाईल, हे पहिल्या प्रकरणाच्या आधी ठरवा, शेवटच्या महिन्यात नाही. शीर्षक आणि सारांश देवनागरीतही द्या, आणि विषयसंज्ञा लिहिताना गावाचे, लेखकाचे, काळाचे नाव घाला. ज्यांना २००९ पूर्वी पदवी मिळाली त्यांचे बरेच प्रबंध अजून फक्त कागदावर आहेत. अशा सर्वांनी आपल्या घरातली बांधीव प्रत आणि सहीचे संमतीपत्र घेऊन आपापल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकदा जावे. त्यांच्यापैकी जे आता हयात नाहीत, त्यांच्या वारसांनी जावे. स्कॅन करायला एक दुपार पुरते.